टाके शिकवण्याचा क्रम : संगणक कुठे, जोडीदार कुठे आणि सुई केव्हा

नवशिक्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना जखमेचे टाके शिकवण्याचा वर्ग बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने भरतो. प्रोजेक्टरवर चित्रफीत दाखवली जाते, सुई-दोरा वाटला जातो आणि ‘आता एकमेकांचे बघून करा’ असे सांगून शिकवणारा वॉर्डकडे निघून जातो. तासाभराने प्रत्येकाच्या रेक्झिनवर टाके दिसतात आणि हजेरीही लागते. पण त्यांतले बरेच टाके बोटाने ओढले की सुटतात. मिरज, सांगली किंवा कराड भागात असे वर्ग घेणारे निवासी डॉक्टर आणि तरुण शिक्षक दरवर्षी मला हाच प्रश्न विचारतात की, चित्रफीत चांगली होती, सामानही पुरेसे होते, मग चुकले कुठे? माझ्या अनुभवात चूक सामानात क्वचितच असते, ती क्रमात असते.

संगणकाचे काम हाताच्या आधी आणि हातानंतर असते. सुई हातात असताना पडदा बंद हवा. जोडीदाराचे काम बघण्याचे असते, शिकवण्याचे नव्हे. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही विद्यार्थ्यांना दोन्ही हातांनी बांधायची स्क्वेअर नॉट (दोन फेरे विरुद्ध दिशांनी घालून बांधलेली सपाट, पक्की गाठ) केवळ संगणकावरून शिकवली होती, तर काहींना व्याख्यान देऊन आणि हात बघून सूचना करत शिकवली होती. गाठ बांधता येण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही, मात्र हाताळणीचा दर्जा सूचना मिळालेल्यांचा सरस ठरला. खालचे सर्व टप्पे या फरकावर उभे आहेत.

टप्पा 1 : शिकवायचे कौशल्य लहान करा

2019 पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात निर्जंतुकता पाळणे आणि कृत्रिम परिस्थितीत टाके घालून दाखवणे या गोष्टी शस्त्रक्रिया विषयात अपेक्षित आहेत. ‘टाके’ या एका शब्दात मात्र उपकरण धरणे, सुई पकडणे, कातडी उचलणे, सुई फिरवणे, गाठ मारणे आणि दोरा कापणे अशी किमान सहा कामे दडलेली असतात. पहिल्या वर्गात फक्त गाठ घ्यावी आणि दुसऱ्या वर्गात साधा सुटा टाका. मॅट्रेस, सबक्युटिक्युलर वगैरे प्रकार महिनाभर बाजूला ठेवावेत.

एका वेळी सोळा विद्यार्थी, आठ टेबले आणि शिकवणारे चार, हे गणित मला झेपते. वर्ग साठांचा असेल तर चार तुकड्या कराव्यात; साठांना एकदम बसवून वेळ वाचत नाही, तो पुढे कॅज्युअल्टीत व्याजासह फेडावा लागतो.

टप्पा 2 : सामान जमवा, आणि ते आदल्या दिवशी वापरून बघा

गाठीच्या वर्गासाठी सुई लागतच नाही. परकराच्या किंवा पायजम्याच्या नाड्या दोन वेगवेगळ्या रंगांच्या आणाव्यात. सांगलीत गणपती पेठेत त्या गुंडीने मिळतात. पांढरी आणि लाल नाडी टोकाला एकत्र शिवून टेबलाच्या पायाला अडकवली की गाठ जाड दिसते आणि कुठला पदर कुठून आला हे लांबूनही कळते.

टाक्यांच्या वर्गासाठी प्रत्येक जोडीला एक नीडल होल्डर (सुई धरायचे उपकरण), एक दातेरी फोर्सेप्स (कातडी उचलायचा चिमटा), एक कात्री आणि 3-0 किंवा 2-0 आकाराचा, कटिंग म्हणजे धारदार कडांच्या सुईचा दोरा लागतो. मुदत संपलेले सीलबंद सूचर (टाक्यांचे दोरे) सरावासाठी चालतात. मात्र ते वेगळ्या डब्यात, ‘फक्त सरावासाठी’ अशी ठळक चिठ्ठी लावून ठेवावेत, म्हणजे चुकून ड्रेसिंग ट्रॉलीवर जाणार नाहीत. राऊंड बॉडी, म्हणजे धार नसलेली गोल सुई आणू नये. ती कातडीत शिरत नाही, विद्यार्थी जोर लावतो, सुई वाकते आणि चूक आपल्या हाताची आहे असे तो समजतो.

कातडीच्या जागी काय वापरायचे, याचा विचार सहसा होत नाही. सीट कव्हर शिवणाऱ्याकडे रेक्झिनचे तुकडे आणि फोम मिळतो. फोमवर रेक्झिन ताणून बसवले की सुईचा कोन आणि टाक्यांमधले अंतर शिकवता येते, पण दोरा किती आवळायचा हे रेक्झिन सांगत नाही, कारण ते कितीही आवळले तरी तक्रार करत नाही. ते काम केळ्याची साल करते. दोरा जास्त ओढला की साल चिरते, आणि विद्यार्थ्याला कोणी काही सांगावे लागत नाही. कातडीखालचा थर जाणवण्यासाठी शेवटी कोंबडीची तंगडी घ्यावी. आपल्याकडे दुकानदार कोंबडी सोलूनच देतो, त्यामुळे ‘कातडीसकट पाहिजे’ हे आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. माझ्या पहिल्याच वर्गाला मी हे विसरलो होतो. सकाळी आठ वाजता सोळा सोललेल्या तंगड्या टेबलावर आल्या आणि सोळा विद्यार्थी माझ्याकडे बघत राहिले.

*तपासणी :* आदल्या संध्याकाळी प्रत्येक नीडल होल्डरमध्ये सुई धरून बोटाने ढकलून पाहावी. जबडा झिजलेला असेल तर सुई गोल फिरते. असा होल्डर बाजूला काढावा. नवशिक्याच्या हाती तो देणे अन्यायाचे आहे.

टप्पा 3 : चित्रफीत स्वतः तयार करा

इंटरनेटवर चित्रफितींची कमतरता नाही, पण त्यांतल्या बऱ्याच शिकवणाऱ्याच्या समोरून घेतलेल्या असतात. समोरून पाहणाऱ्याला डावे-उजवे मनात उलटवावे लागते, आणि गाठ शिकताना नेमकी तीच उलटापालट नडते. कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यावरून खाली पाहणारा असावा. साधा फोन स्टँडला लावला तरी पुरतो.

तीन तुकडे करावेत. पहिल्यात पूर्ण कृती नेहमीच्या वेगाने आणि आवाजाविना असावी. दुसऱ्यात तीच कृती सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबून आणि पायरीचे नाव उच्चारून दाखवावी. तिसऱ्यात फक्त चुका असाव्यात : ग्रॅनी नॉट (दोन्ही फेरे एकाच दिशेने गेलेली, सुटणारी गाठ), टोकाशी धरलेली सुई, चुरगाळलेली कड. हा तिसरा तुकडा बहुतेक जण बनवतच नाहीत. खरे तर जोडीदाराला काय शोधायचे आहे, ते त्यालाच बघून कळते. तिन्ही मिळून सात-आठ मिनिटांपेक्षा लांब होऊ देऊ नयेत.

*इशारा :* सेल्फी कॅमेऱ्याने चित्रण करू नये. काही फोनमध्ये तो चित्र आरशासारखे उलटे साठवतो. मग उजव्या हाताची कृती डाव्या हाताची दिसते आणि सगळा वर्ग गोंधळतो. रुग्णाच्या जखमेचे चित्रण तर या कामासाठी मुळीच करू नये.

हेच उलटवणे डावखुऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र मुद्दाम करावे. व्हीएलसी प्लेअरमध्ये चित्र आडवे उलटवता येते, वेग निम्म्यावर आणता येतो आणि ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा चालवता येतो. डावखुऱ्याला एक गोष्ट मात्र प्रत्यक्षच दाखवावी लागते. नीडल होल्डरचे कुलूप उजव्या अंगठ्यासाठी बनवलेले असते, डाव्या हातात नेहमीसारखा अंगठा ढकलला तर ते सुटण्याऐवजी आणखी आवळते. अंगठ्याने कडी आत ओढून ते सोडवण्याची सवय वेगळी करून घ्यावी लागते.

चित्रफिती प्रत्येक लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवाव्यात आणि लॅपटॉप चार्ज करून आणावेत. वर्ग सुरू झाल्यावर वायफाय शोधत बसण्यात पहिली वीस मिनिटे जातात.

टप्पा 4 : दाखवा, सांगा, सांगायला लावा, मग करायला लावा

ही शल्यचिकित्सक पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत म्हणून ओळखली जाते. आधी शिकवणारा न बोलता पूर्ण कृती करतो. मग तीच कृती पायऱ्या सांगत करतो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी पायऱ्या सांगतो आणि शिकवणारा फक्त तो सांगेल तेवढेच करतो. चौथ्या वेळी विद्यार्थी बोलत बोलत स्वतः करतो. पहिल्या दोन पायऱ्या संगणक उत्तम करतो, आणि त्याही घरी, आदल्या रात्री. तिसरी पायरी संगणकाला जमत नाही, आणि घाईच्या वर्गात नेमकी तीच गळते.

तिसऱ्या पायरीत शिकवणाऱ्याने थोडे हट्टी व्हावे. विद्यार्थी ‘दोरा गुंडाळा’ म्हणाला तर हात थांबवून विचारावे, कोणता दोरा, कशावर, कोणत्या बाजूने? त्याला उत्तर देता येईपर्यंत हात हलवू नये. कृतीचे वर्णन तोंडून बिनचूक आले की हात निम्मे शिकलेले असतात.

*तपासणी :* दोन्ही जोडीदारांनी पायऱ्या न अडखळता सांगितल्याशिवाय त्या टेबलावर उपकरणे ठेवू नयेत. इथे लॅपटॉप मिटावेत. पडदा उघडा राहिला तर विद्यार्थ्याची मान वर-खाली होत राहते आणि त्याची नजर सुईच्या टोकावरून हटते.

टप्पा 5 : जोडी लावा आणि बघणाऱ्याला काम द्या

दोघे असावेत, तिघे चालतील, चौघे नकोत. मित्र-मित्र एकत्र बसवू नयेत; त्यांच्यात ‘चालतंय रे’ फार लवकर येते. जोडीदार शेजारी, त्याच दिशेने तोंड करून बसावा. दर दहा मिनिटांनी जागा बदलावी, आणि त्यासाठी फोनवर गजर लावावा, कारण ज्याचा हात बसू लागतो तो सुई सोडत नाही.

बघणाऱ्याच्या हातात एक छोटा कागद द्यावा. गाठीसाठी त्यावर पाचच प्रश्न पुरतात. होल्डर दोन पदरांच्या मधोमध आला का? प्रत्येक फेऱ्याला हात बाजू बदलतात का? गाठ सपाट बसली का? दोरा ताणला जाताना खालची वस्तू उचलली गेली का? टोके नीट कापली का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे. पहिला नियम असा की, ‘छान’ आणि ‘बरोबर’ हे शब्द या कागदावर येऊ द्यायचे नाहीत. ‘अगं, दुसऱ्या फेऱ्याला तुझा होल्डर बाहेरून आला’ एवढे बोलले की ती पुढच्या वेळी तो बरोबर आणते. ‘मस्त जमतंय’ ऐकून तिच्या हातात काहीच बदलत नाही.

दुसरा नियम असा की, जोडीदाराच्या हातातून उपकरण ओढून घेऊन ‘थांब, मी दाखवतो’ म्हणायचे नाही. तिसरा नियम शिकवणाऱ्यासाठी आहे : प्रत्येक विद्यार्थ्याच्या पहिल्या तीन गाठी त्याने स्वतः पाहायच्या. याचे कारण मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका वर्षी ओपीडीची घाई होती म्हणून मी एका हुशार इंटर्नला गाठ दाखवली आणि पुढच्या दोन टेबलांना ती त्याच्याकडून शिकायला सांगितले. त्याचा दुसरा फेरा पहिल्याच दिशेने जात होता, आणि ते मी पाहिले नव्हते. तासाभराने दोन्ही टेबलांवर नीटनेटक्या, एकसारख्या ग्रॅनी नॉट बांधल्या गेल्या होत्या. सगळे एकमेकांशी सहमत होते. त्या मोडायला पुढचे तीन शनिवार लागले.

टप्पा 6 : होल्डरने गाठ

प्रत्यक्ष टाक्यात सुई पार झाल्यावर दोरा ओढून आखूड टोक दोन-तीन सेंटिमीटर ठेवावे. ते हातभर लांब राहिले की पुढे होल्डर त्याला शोधत फिरतो आणि दोरा वाया जातो. होल्डर जखमेच्या रेषेवर, लांब आणि आखूड पदरांच्या मध्ये आडवा धरावा. लांब पदर त्याच्यावरून दोनदा गुंडाळावा, जबड्याने आखूड टोक पकडावे आणि हात एकमेकांना ओलांडून दोन्ही पदर विरुद्ध बाजूंना न्यावेत. आता लांब पदर पलीकडे गेलेला असतो. होल्डर पुन्हा दोघांच्या मध्ये आणावा, लांब पदर एकदा गुंडाळावा, टोक पकडावे आणि हात परत आपापल्या बाजूंना आणावेत.

विद्यार्थी ‘घड्याळाच्या दिशेने, मग उलट’ असे पाठ करायला बघतात, आणि बाजू बदलली की विसरतात. मी एवढेच सांगतो की, होल्डर प्रत्येक वेळी मधून निघाला आणि हात प्रत्येक वेळी ओलांडले गेले, तर गाठ चुकतच नाही. रेशमाच्या दोऱ्याला तीन फेरे पुरतात. नायलॉन गुळगुळीत असते आणि त्याला आपला जुना आकार आठवतो, म्हणून त्याला आम्ही पाच घालायला सांगतो.

*तपासणी :* दोन रंगांच्या नाडीची गाठ सैल करून पाहावी. लाल नाडीचे दोन्ही पदर पांढऱ्या वळशातून एकाच बाजूने, जोडीने बाहेर आले असतील तर ती स्क्वेअर नॉट आहे. एक वरून आणि एक खालून आला असेल तर ती ग्रॅनी.

*दुसरी तपासणी :* रिकाम्या काडेपेटीभोवती गाठ बांधायला लावावी. पेटी टेबलावरून उचलली गेली किंवा दबली, तर विद्यार्थी ऊती ओढतो आहे. हात वर न नेता, टेबलाला समांतर ताणले तर पेटी हलत नाही. हे साधायला अर्धा तास लागतो आणि तो द्यावा.

टप्पा 7 : सुई आणि टाका

हा वर्ग गाठीनंतर आठवड्याने घ्यावा, त्याच दिवशी नव्हे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 38 निवासी डॉक्टरांना सूक्ष्मशस्त्रक्रियेची चार सत्रे काहींना एकाच दिवशी, तर काहींना दर आठवड्याला एक याप्रमाणे दिली होती. महिन्याने घेतलेल्या चाचणीत आठवड्याचे अंतर मिळालेले पुढे होते. चार शनिवार, दर शनिवारी दीड तास, हे एका रविवारच्या शिबिरापेक्षा चांगले; शिबिराचे फोटो मात्र चांगले येतात.

रेक्झिनवर सरळ छेद द्यावा आणि दोन्ही बाजूंना 5 मिलिमीटरवर, एकमेकांपासून 10 मिलिमीटर अंतराने पेनाने ठिपके काढावेत. पहिल्या दिवशी ठिपक्यांतूनच सुई जायला हवी. पुढे ठिपके पुसावेत.

होल्डर अंगठा आणि अनामिकेत धरून तर्जनी दांड्यावर टेकवावी. सुई जबड्याच्या टोकात, काटकोनात, टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर धरावी. दोरा जोडलेल्या भागाला धरले तर ती तिथेच वाकते, आणि अगदी टोकाजवळ धरले तर आत जायला लांबीच उरत नाही. तळहात खाली वळवून सुई कातडीला काटकोनात टेकवावी आणि मनगट उलगडत तिच्या वळणाच्या मार्गाने फिरवावी. नवशिका सुई ढकलतो, फिरवत नाही. ढकललेली सुई तिरकी शिरते, टाका उथळ बसतो आणि कड आत वळते. जोडीदाराने इथे सुईकडे नव्हे, मनगटाकडे बघावे. मनगट वळले नाही की ‘नाही’ लिहावे.

फोर्सेप्सने कड हलकेच उचलायची असते, चिमटायची नसते. बाहेर आलेली सुई टोकाने पकडू नये, टोक बोथट होते. टोकामागे धरून काढावी. दोन्ही बाजूंचे अंतर आणि खोली सारखी असावी, कडा किंचित बाहेर वळलेल्या दिसाव्यात आणि सगळ्या गाठी छेदाच्या एकाच बाजूला बसाव्यात. टाका कडा भेटवण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही, आणि हे ज्याला ऐकून पटत नाही त्याला केळे द्यावे. टोके 5 ते 8 मिलिमीटर ठेवून कापावीत, कारण टाके काढणाऱ्याला ती पकडावी लागतात.

*इशारा :* सुई टेबलावर मोकळी ठेवायची नाही आणि बोटाने उचलायची नाही. ती होल्डरमध्ये असते किंवा ट्रेमध्ये असते. टोचलीच तर पिळू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन लगेच शिकवणाऱ्याला सांगावे आणि धनुर्वाताच्या लसीची नोंद पाहावी. रुग्णावर वापरलेली सुई या खोलीत कधीही येता कामा नये.

टप्पा 8 : आता पुन्हा संगणक

वर्गाच्या शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येकाने एकच टाका घालावा आणि जोडीदाराने तो खांद्यावरून फोनवर चित्रित करावा. चेहरा नको, फक्त हात. मग लॅपटॉपवर एका बाजूला मूळ चित्रफीत आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची ठेवून दोघांनी निम्म्या वेगाने पाहावी. आधी करणाऱ्याने स्वतःच्या दोन चुका सांगाव्यात, मग जोडीदाराने एक. हा क्रम उलटला की करणारा बचाव करू लागतो. ‘सर, माझं मनगट वळतच नाहीये’ हे वाक्य मी पडद्यासमोर अनेकदा ऐकले आहे. तेच मी तोंडाने तीनदा सांगूनही त्यांना दिसलेले नसते.

गुण द्यायचे असतील तर 1997 च्या सुमारास टोरांटोत विकसित झालेल्या, शस्त्रक्रियेचे कौशल्य मोजणाऱ्या ओसॅट्स पद्धतीतली सर्वसाधारण श्रेणी वापरावी. तीत ऊतींची काळजी, हालचालींतली काटकसर, उपकरणांची हाताळणी अशा सात बाबींना प्रत्येकी एक ते पाच गुण असतात. नवशिक्यांसाठी त्यांतल्या तीनच घेतल्या तरी चालते. पहिल्या दोन शनिवारी वेळ मोजू नये. स्टॉपवॉच दिसले की विद्यार्थी वेगाच्या मागे लागतो आणि तपासणीच्या सगळ्या गोष्टी सोडून देतो.

काही विद्यार्थी लगेच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव मागतात. प्लॅस्टिकचा खोका, वेबकॅम आणि एलईडी दिवा एवढ्यावर तो सराव होतो, आणि सहा वस्तू एका बाजूच्या खुंट्यांवरून दुसऱ्या बाजूला नेऊन परत आणण्याचा खेळ त्यासाठी पुरेसा आहे. पण साधी गाठ पक्की झाल्याखेरीज तो खोका उघडू नये.

टप्पा 9 : आवरणे

आवरण्याचे काम शिपायावर सोपवू नये, ते विद्यार्थ्यांनीच करायचे असते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया आणि ब्लेड पांढऱ्या, अर्धपारदर्शक, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जातात, कोंबडीचे अवशेष पिवळ्या पिशवीत आणि वापरलेले हातमोजे लाल पिशवीत. केळ्याची साल आणि नाड्या या हिशेबात येत नाहीत. नाड्या धुऊन पुढच्या तुकडीसाठी ठेवाव्यात.

सुया वाटताना फळ्यावर आकडा लिहावा आणि परत येताना प्रत्येक जोडीने मोठ्याने मोजून डब्यात टाकाव्यात. सोळा दिल्या आणि पंधरा आल्या, तर खोलीचे दार लावून फोमच्या खाली, ट्रेच्या कडेला, चपलांच्या तळव्यांत शोध घ्यावा. सोळावी मिळेपर्यंत कोणी बाहेर जायचे नाही, बसची वेळ झाली असली तरी.